किशोरवयीन मुलांचं मन कामात कसं लागावं आणि लागलेलं कसं टिकावं

‘जरा मनावर घे’ हे वाक्य तेरा ते अठरा वर्षांची मुलं असलेल्या घरात रोज ऐकू येतं, आणि त्याचा परिणाम जवळपास शून्य असतो. काय मनावर घ्यायचं, कुठून सुरू करायचं, कशासाठी करायचं, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. ज्याला आपण निरुत्साही म्हणतो तोच मुलगा गिटारवरचा एक तुकडा रात्री चाळीस वेळा घोटतो, पण इतिहासाचं पुस्तक उघडत नाही. जोर त्याच्याकडे आहे. तो इतिहासाकडे का वळत नाही, हे शोधण्यापासून सुरुवात करायची.

१. आठवडाभर फक्त बघा

सात दिवस उपदेश पूर्ण बंद. रोज रात्री स्वतःसाठी दोन ओळी लिहा: आज कोणतं काम टळलं आणि नेमकं कोणत्या क्षणी सुटलं. हा क्षण बरंच काही सांगतो. आळस म्हणून जे दिसतं त्यामागे बहुतेक वेळा चारपैकी एखादी गोष्ट असते.

पहिली, येत नाही. मुलगी वही उघडते, दोन गणितं सोडवते, तिसऱ्यापाशी अडते आणि हात फोनकडे जातो. तिचं गाडं दोन इयत्तांपूर्वीच्या अपूर्णांकांत अडकलेलं असू शकतं. दुसरी, कशासाठी करायचं ते कळत नाही. काम जमतं, पण पूर्ण करताना चेहरा कोरा असतो. तिसरी, भीती. हुशार म्हणून ओळखली जाणारी मुलं यात जास्त सापडतात. शेवटच्या रात्रीपर्यंत अभ्यास टाळला की कमी गुणांचं कारण आयतं मिळतं, ‘मी केलाच नव्हता’. मनापासून करून कमी पडण्यापेक्षा हे सोपं वाटतं. चौथी, थकवा. सकाळी मेंदू बंद, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोप.

चारही ठिकाणी उपाय वेगळा आहे. येत नसलेल्याला ध्येयाबद्दल व्याख्यान दिलं किंवा घाबरलेल्याला आणखी धाक दाखवला, तर मूल आणखी आत ओढलं जातं.

या यादीत न बसणारी एक शक्यता आधीच तपासून घ्या. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मूल जवळपास रोज उदास किंवा चिडचिडं असेल, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नसेल, मित्रांना टाळत असेल, झोप किंवा भूक एकदम बदलली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. वरच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा कानावर आली तर सरळ विचारा: ‘स्वतःला इजा करण्याचे किंवा जीव देण्याचे विचार येतात का?’ विचारल्यामुळे असे विचार डोक्यात भरत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्या.

२. झोपेचा हिशेब आधी लावा

हे दुय्यम वाटतं, पण इथे गडबड असेल तर पुढच्या पायऱ्या वाया जातात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ या वयासाठी रोज ८ ते १० तास झोप सुचवली आहे. अडचण अशी की वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे लवकर आडवं झालं तरी डोळा लागत नाही. याला शिस्तीचा अभाव म्हणून भांडण काढण्यात अर्थ नाही.

उलटीकडून मोजा. सकाळी साडेसहाला उठायचं तर साडेदहाच्या आत झोप लागायला हवी, म्हणजे दहाला दिवे मंद. सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ तासाभराहून जास्त सरकू देऊ नका, नाहीतर रविवारची दुपार सोमवारची सकाळ खाऊन टाकते. फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला, आणि नियम घरातल्या सगळ्यांना लागू. आईबाबांचा फोन उशाशी असेल तर हा नियम आठवडाभरही टिकत नाही.

३. एकच संभाषण, पण नीट

वेळ निवडताना चोखंदळ राहा. घरात पाऊल टाकल्या टाकल्या नको, निकालाच्या दिवशी नको, भावंडांसमोर तर मुळीच नको. समोरासमोर बसण्यापेक्षा चालताना किंवा एकत्र काम करताना या वयाची मुलं जास्त बोलतात. दहा मिनिटांत आटपा.

व्यसनमुक्तीच्या उपचारांतून पुढे आलेल्या समुपदेशन पद्धतीतला एक प्रश्न इथे फार उपयोगी पडतो:

‘शून्य ते दहामध्ये, गणित सुधारणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?’
‘चार.’
‘चार का? दोन का नाही?’
‘म्हणजे… मला डिझाइनला जायचंय. तिथे गणित अगदीच कच्चं असून चालत नाही.’

सगळी गंमत तिसऱ्या ओळीत आहे. आपल्या तोंडून सहज निघतं ते ‘चारच? आठ का नाही?’ त्यावर मूल गणित का नको याची कारणं मोजतं आणि मोजता मोजता त्याची स्वतःचीच खात्री पटत जाते. उलट ‘दोन का नाही’ म्हटलं की काम करण्याचं कारण त्याच्याच तोंडून येतं. ते तुम्ही दिलेल्या कारणापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. आता गप्प बसा. ‘बघ, मी हेच सांगत होते’ एवढं एक वाक्य सगळं घालवतं.

मग दुसरा प्रश्न: ‘आणि हे जमेल असं किती वाटतं, शून्य ते दहा?’ महत्त्व सात आणि खात्री तीन असेल तर पटवून देण्याची गरजच नाही, शिकवण्याची आहे. महत्त्व एक किंवा शून्य आलं तर वाद घालू नका. ‘काय झालं तर हा आकडा दोनवर जाईल?’ असं विचारा आणि आजच्यापुरतं थांबा.

४. खरी निवड द्या

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेमागे तीन गरजा मांडल्या: निर्णय आपला असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि जवळच्या माणसांशी नातं घट्ट असणं. किशोरवयात पहिली गरज सगळ्यात जोरात उसळते आणि घरात नेमकी तीच सगळ्यात जास्त दाबली जाते.

निवड देताना चलाखी चालत नाही. ‘आत्ता करतोस की पाच मिनिटांनी?’ याला मुलं निवड मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कोणता विषय आधी, कुठे बसायचं, आवाज हवा की शांतता, एकट्याने की मैत्रिणीबरोबर, किती वेळाने थांबायचं, हे सगळं मुलाकडे द्या. काम करायचं की नाही हे ठरलेलं असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण द्या आणि कंटाळा मान्य करा: ‘हा निबंध रटाळ आहे, मान्य. शुक्रवारी द्यायचाच आहे. कधी बसायचं ते तू ठरव.’ मुलाची निवड तुम्हाला चुकीची वाटली तरी दोन आठवडे चालू द्या. संगीत लावून पाठांतर होत नाही हे त्याला चाचणीत स्वतःला दिसलं, तर तुम्हाला बोलावंच लागणार नाही.

५. सुरुवात हास्यास्पद वाटेल इतकी लहान करा

उत्साह आला की बसेन, असा मुलांचा समज असतो. प्रत्यक्षात उत्साह बऱ्याचदा काम सुरू झाल्यावर येतो. म्हणून प्रश्न फक्त पहिल्या दहा मिनिटांचा.

तीन आठवड्यांच्या विज्ञान प्रकल्पासाठी भिंतीवर ‘प्रकल्प’ असं लिहून उपयोग नाही. पहिली चिठ्ठी: ‘विषयाच्या तीन शक्यता कागदावर लिहिणे, १० मिनिटं’. दुसरी: ‘त्यातल्या एकाबद्दल दोन पानं वाचून पाच प्रश्न काढणे, २० मिनिटं’. तिसरी: ‘लागणाऱ्या साहित्याची यादी, १० मिनिटं’. प्रत्येक चिठ्ठीत हाताने करायची कृती असावी आणि ती एका बैठकीत संपावी. ‘समजून घेणे’ किंवा ‘तयारी करणे’ असे शब्द दिसले की तो तुकडा अजून मोठा आहे असं समजा. चिठ्ठ्या मुलाच्याच हस्ताक्षरात हव्यात. तुम्ही लिहिल्यात तर तो तुमचा प्रकल्प होतो.

वेळ ठरवताना ‘जर-तर’ वापरा. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढे आलेली ही रीत साधी आहे: ठरावीक प्रसंग आणि ठरावीक कृती यांची आधीच गाठ मारायची. ‘संध्याकाळी रसायनशास्त्र करीन’ हे विरून जातं. ‘जेवणाचं ताट उचललं की टेबलाशी बसून पहिलं समीकरण सोडवीन’ हे बरंच जास्त वेळा घडतं. अडथळ्यासाठीही तसंच: ‘मित्राचा मेसेज आला तर साडेआठला उत्तर देईन.’ अडथळा कोणता येणार हे मुलालाच विचारा, त्याला तो पक्का माहीत असतो.

६. बक्षीस आणि कौतुक जपून

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. डेसींना त्याआधी, १९७१ मध्ये, कोडी सोडवणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही असाच कल दिसला होता.

तेव्हा मुलाला जे आधीच आवडतं त्यावर बक्षीस लावू नका. कपाट आवरण्यासारखं निव्वळ कंटाळवाणं काम असेल तर छोटं बक्षीस चालेल. गुणांवर मोठी वस्तू कबूल करणं आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं: गुण मुलाच्या पूर्ण हातात नसतात आणि सहामाहीनंतर आकडा आवाक्याबाहेर गेला की उरलेल्या वर्षाचं कारणच संपतं.

कौतुकाचंही तसंच. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कामं निवडू लागली आणि अपयश आल्यावर लवकर सोडू लागली. प्रयत्नांचं कौतुक झालेली टिकून राहिली. पण ‘छान प्रयत्न’ असं मोघम कौतुकही मुलांना पोकळ वाटतं. जे पाहिलंत ते सांगा: ‘दुसरी पद्धत चुकल्यावर तू आकृती काढून पाहिलीस, तिथून सुटलं.’

७. टिकवण्यासाठी

एकवीस दिवसांत सवय लागते हे ऐकून पुष्कळ मुलं बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवतात. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून घरात नियम असा ठेवा: एक दिवस चुकला तर चर्चा नाही, सलग दोन चुकवायचे नाहीत.

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बसा. तीनच प्रश्न: काय जमलं, कुठे अडलं, येत्या आठवड्यात काय बदलायचं. आधी मूल बोलेल, लिहीलही तेच. बाकी सहा दिवस ‘झालं का?’ विचारायचं नाही. हे मोठ्यांना सगळ्यात जड जातं.

मेहनत करूनही फळ दिसलं नाही तर उत्साह ओसरतो, म्हणून अभ्यासाची पद्धतही तपासा. पुन्हा पुन्हा वाचल्याने सगळं येतंय असा भास होतो. धडा वाचून पुस्तक मिटावं, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहावं, मग ताडून पाहावं. पहिल्या दिवशी हे त्रासदायक वाटतं, पण आठवड्यानंतर लक्षात जास्त राहतं, आणि जमतंय हे मुलाला कागदावर दिसतं.

परीक्षा, आजारपण किंवा लांब सुट्टीनंतर घडी मोडणार हे धरूनच चाला. परत सुरू करताना पूर्वीच्या दोन तासांवर उडी मारू नका. पहिले तीन दिवस दहा मिनिटं, मग पंचवीस, त्यानंतर किती वाढवायचं ते मुलालाच ठरवू द्या. साप्ताहिक बैठकीत सलग महिनाभर तुम्हाला सांगण्यासारखं काही उरलं नाही तर ती पंधरवड्यावर न्या, पुढे मुलाने बोलावलं तरच बसा.