चौकटीपेक्षा मोठा पल्ला कसा बसवावा

बाहेरचे दार खालून पावसाने कुजते किंवा उधई लागून पोकळ होते. मग आपण एखाद्या पाडलेल्या वाड्याचा सागवानी पल्ला विकत आणतो आणि चौकटीला टेकवून पाहतो, तर तो चार सूत मोठा निघतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. वाढई याच मापात बोलतात, म्हणून येथेही तेच वापरले आहे. मोठा पल्ला तासून कमी करता येतो, लहान पल्ल्याला मात्र जोड द्यावी लागते आणि बाहेरच्या दाराची जोड ऊनपावसात फार काळ टिकत नाही. तेव्हा मोठा निघाला म्हणून पल्ला परत करण्याचे कारण नाही. मात्र किती, कोणत्या बाजूने आणि कोणत्या महिन्यात काढायचे हे ठरविल्याशिवाय रंधा हातात घेऊ नये.

आधी चौकट मोजावी. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, उंची दोन्ही कडांना आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले नाहीत, तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही असे समजावे. आपल्याकडच्या काळ्या जमिनीवरील घरांत हे नेहमीचेच आहे, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्याबरोबर भिंत हलते आणि भिंतीबरोबर चौकट कलते. बिजागऱ्यांच्या बाजूच्या खांबाला ओळंबा लावून पाहावा. तो खांब अर्ध्या सुतापेक्षा अधिक कलला असेल, तर आधी पाचरी मारून तो सरळ करावा. नाहीतर कितीही तासला तरी पल्ला आपोआप उघडेल किंवा आपोआप मिटेल. चौकट हलविणे शक्यच नसेल, तर पल्ला काटकोनात न कापता चौकटीच्या आकाराप्रमाणे कापावा लागतो.

आता महिन्याचा विचार. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र फुगते. चारही बाजूंनी पट्ट्या आणि मध्ये खाचेत सैल बसविलेल्या फळ्या अशा पल्ल्यात मुख्यतः दोन उभ्या पट्ट्याच रुंदीत भर घालतात. म्हणून तीन फुटी सागवानी पल्ला मे आणि ऑगस्ट यांच्या दरम्यान साधारण एक सूत कमीजास्त होतो. एकाला एक फळ्या घट्ट सांधून केलेला आडजात लाकडाचा पल्ला याच्या तीन-चार पट हलतो. आमच्या मागच्या दाराचा असाच एक पल्ला मी भर श्रावणात बसविला आणि तो सहज मिटावा म्हणून मोकळ्या हाताने तासला. मे महिन्यात दुपारी दार लावले, की फटीतून आलेल्या उन्हाची रेघ थेट चुलीपर्यंत पोचत असे. तेव्हा पट्ट्यांच्या पल्ल्यासाठी पावसाळ्यात प्रत्येक बाजूला एक सूत फट पुरते, उन्हाळ्यात बसवायचा असल्यास दीड सूत ठेवावी. फळ्यांच्या पल्ल्याला उन्हाळ्यात याहून बरीच अधिक फट लागते.

किती काढायचे हे कळल्यावर ते वाटून घ्यावे. चार सूत कमी करायचे असल्यास प्रत्येक उभ्या पट्टीवरून दोन सूत काढावे. एकाच बाजूने काढले तर पट्ट्या विषम दिसतात आणि त्या बाजूचे सांधे दुबळे होतात. उंची शक्यतो खालूनच कमी करावी, कारण खालची आडवी पट्टी रुंद असते. एका बाजूने अर्ध्या इंचाहून अधिक काढण्याची वेळ आली, तर पट्टीचे कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत शिरलेले टोक, उघडे पडण्याचा धोका असतो; अशा वेळी चौकटच बदलणे बरे. दोन पल्ल्यांच्या दारात मधल्या सांध्याला हात लावू नये, कारण तेथे एक पल्ला दुसऱ्यावर चढतो. सगळे बिजागऱ्यांच्या बाजूने काढावे.

जुन्या पल्ल्यावर करवत चालविण्यापूर्वी कडेने लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधावेत. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते (घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आहे), म्हणून रंग कोरडा घासू नये. ओल्या पॉलिश पेपरने, अंगणात आणि नाकातोंडाला फडके बांधून घासावा. रेष धारदार सुरीने खोल मारावी, करवत रेषेबाहेर चालवावी आणि शेवटचे अर्धे सूत रंध्याने काढावे. वरच्या आणि खालच्या कडेवर रंधा नेहमी कोपऱ्याकडून मध्याकडे न्यावा; तो कोपऱ्यापलीकडे गेला, तर उभ्या पट्टीची चीर उडते. कडीच्या बाजूची कड किंचित तिरपी तासावी: पल्ल्याचा जो पृष्ठभाग चौकटीच्या खाचेत आधी शिरतो, तिकडे अर्धे सूत अधिक काढावे. हा तिरपेपणा नसेल, तर पुरेशी फट असूनही दार मिटताना कोपरा घासतो.

पल्ला उभा करायला दोन माणसे हवीत. खाली दोन पाचरी सरकवून तो फटीप्रमाणे उचलावा, वरच्या फटीत एक सूत जाडीच्या चिपा ठेवाव्यात आणि बिजागऱ्यांच्या जागा चौकटीवर आखाव्यात. सात फुटी सागवानी पल्ल्याला तीन बिजागऱ्या लावाव्यात. बिजागरीच्या पानाइतकीच खोल खाच पटाशीने करावी. जुन्या खाचा तासल्यावर उथळ झाल्या असतील, तर त्या पुन्हा खोल कराव्यात. सुरुवातीला प्रत्येक बिजागरीत एकच स्क्रू घालून दार उघडून-मिटून पाहावे, बाकीचे त्यानंतर घालावेत. सागवानात आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूला साबण लावावा.

खालची फट ठरविताना पल्ला आत उघडून भिंतीपर्यंत फिरवून पाहावा. सारवलेली जमीन वर्षानुवर्षे थरांनी चढत जाते आणि उंबरठ्यावर मोकळा वाटणारा पल्ला हातभर आत गेल्यावर घासू लागतो. तरीही फट दोन सुतांहून अधिक ठेवू नये. पावसाळ्यात विंचू आणि साप तेवढ्याच वाटेने येतात.

कापलेल्या कडा उघड्या ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. दाराची खालची कड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिला रंगही लागत नाही, आणि पागोळ्यांचे पाणी अंगणातून उडून तेथूनच लाकडात शिरते. पल्ला पुन्हा उतरवून चारही कडांना वाळवीनाशक लावावे. ते वाळल्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात किंवा उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात.

पहिल्या झडीत दार अडले, तर लगेच रंधा काढू नये. चौकटीच्या कडेला खडू फासावा, दार दोन-तीनदा मिटावे आणि पल्ल्यावर जेथे पांढरा ठसा उमटेल, तेवढीच जागा खरवडून तिला पुन्हा रंगाचा हात द्यावा.