पाहुण्यांची नोंदवही क्लाउडवर नेताना

गोव्यातील लहान हॉटेले आणि गेस्ट हाउसे आपल्या नोंदी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर, नेण्याचा विचार बहुधा पावसाळ्यात करतात. वीज येत-जात राहते, रिसेप्शनच्या टेबलाखालचा संगणक दमट हवेने कुरकुरू लागतो आणि एके दिवशी तो सुरूच होत नाही. क्लाउडमुळे ही चिंता मिटते, पण माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र मालकाकडेच राहते. खोलीतील तिजोरी हॉटेलची असते आणि तिचा आकडा पाहुणा ठरवतो. क्लाउडच्या बाबतीत पाहुणे आपण असतो. इमारत, वीज, यंत्रे आणि त्यांची देखभाल सेवा देणारी कंपनी पाहते. खाती, परवानग्या, सेटिंग्ज आणि त्यांत ठेवलेली माहिती आपण सांभाळायची असते.

स्थलांतराच्या पहिल्या आठवड्यात काहीही हलवू नये, केवळ शोधावे. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती ठरावीक फॉर्ममध्ये सरकारला कळवावी लागते, त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा स्कॅन होतो, आणि ती प्रत एकाच ठिकाणी क्वचितच राहते. डेस्कटॉपवरील ‘नवीन फोल्डर ३’ मध्ये, मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर, रात्रपाळीच्या मुलाच्या फोनमधील गॅलरीत आणि बुकिंगच्या ईमेलमध्ये तिच्या नकला पडलेल्या असतात. या सर्वांची यादी करावी आणि कायद्याने ठेवणे आवश्यक नसलेले सारे पुसून टाकावे, कारण जे आपल्याकडे नाही ते चोरीला जाऊ शकत नाही. भारतीय पाहुण्यांकडून शक्य तेथे केवळ शेवटचे ४ अंक दिसणारे मास्क्ड आधार घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान व्यावसायिकाला हा आकडा दूरचा वाटेल, परंतु नको असलेल्या प्रती जपून ठेवण्याचे त्यालाही काही कारण नाही.

त्यानंतर मुख्य, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या, खात्याचा प्रश्न येतो, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. एका गेस्ट हाउसचे मुख्य खाते जुन्या मॅनेजरच्या खासगी ईमेलवर उघडलेले होते. तो बोटीवर नोकरीला गेला, पडताळणीचा ओटीपी त्याच्या सिमवर जात राहिला आणि ते सिम भर समुद्रात बंद होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, तरीही आपल्याच नोंदी उघडण्यासाठी मालकाला चार दिवस थांबावे लागले. म्हणून मुख्य खाते व्यवसायाच्या स्वतःच्या डोमेनवरील ईमेलने उघडावे, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी एसएमएसऐवजी फोनवरच संकेत तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपने किंवा संगणकाला जोडायच्या हार्डवेअर कीने करावी, ही साधने हरवल्यास वापरायचे आपत्कालीन संकेत छापून कुलपात ठेवावेत आणि रोजच्या कामासाठी हे खाते वापरूच नये.

रोजच्या कामासाठी प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. ‘रिसेप्शन’ नावाचे एकच खाते आणि कीबोर्डखाली चिकटवलेला पासवर्ड ही आपल्याकडील सर्वपरिचित पद्धत असली, तरी तिच्यात कोणी काय केले हे कधीच कळत नाही. नव्या पाहुण्याची नोंद करण्याची परवानगी रिसेप्शनिस्टला हवी. संपूर्ण नोंदवही डाउनलोड करण्याची नको. आपल्याकडे सीझन संपला की निम्मे कर्मचारी गावी परततात आणि ऑक्टोबरमध्ये नवे येतात, त्यामुळे अखेरचा हिशेब देण्यापूर्वी खाते बंद करण्याचा नियमच करावा.

पुढील धोका उघड्या साठवणीचा आहे. ॲमेझॉनने एप्रिल २०२३ पासून आपल्या एस-३ या साठवण सेवेतील नव्या बकेट, म्हणजे फायली ठेवण्याचे कप्पे, मुळातच सार्वजनिक प्रवेशासाठी बंद ठेवल्या आहेत, तरीही जुन्या बकेट आणि वेबसाइट करणाऱ्याने ‘तात्पुरत्या’ उघडलेल्या बकेट तशाच राहू शकतात. तपासणी सोपी आहे: एखाद्या स्कॅनचा दुवा ज्या फोनवर कोणीही लॉगिन केलेले नाही अशा फोनवर उघडून पाहावा; चित्र दिसले तर ते जगालाही दिसते. अवाजवी परवानग्याही तितक्याच घातक ठरतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १० कोटी अमेरिकी ग्राहकांची व अर्जदारांची माहिती बाहेर गेली, तेव्हा चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या फायरवॉलला, म्हणजे नको ती रहदारी अडवणाऱ्या यंत्रणेला, साठवणीतील फायली वाचण्याचा अधिकार होता. वेबसाइटच्या कोडमध्ये लिहून ठेवलेल्या ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रामला साठवण उघडून देणारे पासवर्डसारखे संकेत, हेदेखील शोधून बदलाव्यात.

साठवण एन्क्रिप्ट करणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करणे, आता बहुतेक सेवांमध्ये आपोआप होते, त्यावर फार वेळ घालवू नये. बॅकअपवर मात्र घालवावा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांपैकी अनेकांची मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही गेले. २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात घुसलेल्या माणसाने माहितीबरोबर बॅकअपही पुसले आणि कंपनी बंद पडली. म्हणजे दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असून भागत नाही, ती वेगळ्या खात्यातही असावी; मूळ प्रत मुंबईत ठेवली तर दुसरी हैदराबादमध्ये ठेवता येते. जुलैतील एखाद्या निवांत दुपारी बॅकअपमधून एका दिवसाची नोंद प्रत्यक्ष परत आणून पाहावी. इंटरनेटच बंद पडेल त्या दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांची यादी रोज सकाळी छापून ठेवावी. क्लाउडवर गेलो म्हणून कागद वर्ज्य होत नाही.

लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, पहिल्याच दिवशी सुरू करावेत, कारण घटना घडल्यानंतर ते मागे जाऊन मिळत नाहीत. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायच्या असतात. सहा तास फार नसतात, म्हणून कोणाला फोन करायचा आणि कोणती खाती आधी बंद करायची हे लिहून रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये ठेवावे.

सर्व नोंदी नव्या जागी नीट उघडतात अशी खात्री झाली की टेबलाखालचा जुना संगणक भंगारात देण्याची घाई होते. तो देण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि पुसणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण पुसावी किंवा समोर उभे राहून तिला भोके पाडून घ्यावीत. ‘नवीन फोल्डर ३’ अजून तिच्यातच असतो.