राजकीय भाषणातील मुस्लिम ओळख शब्दांवरून कशी वाचावी
भाषणाचा मूळ मजकूर समोर ठेवून आधी सर्वनामे अधोरेखित करावीत, कारण ‘आम्ही’ म्हणताना वक्ता कोणाला सामावून घेतो आणि कोणाला वगळतो, यावर ओळखीची सीमा ठरते. मग समूहवाचक शब्द तपासावेत. मार्च १९४० मध्ये लाहोरला जिनांनी मुसलमान ‘अल्पसंख्याक’ नसून ‘राष्ट्र’ आहेत असे मांडले; त्याच महिन्यात काँग्रेसच्या रामगड अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून मौलाना आझादांनी इस्लामच्या १३०० वर्षांच्या वारशाचा अभिमान सांगितला आणि स्वतःला अविभाज्य भारतीय राष्ट्रीयत्वाचा घटकही म्हटले. ‘कौम’ (समाज किंवा राष्ट्र), ‘मिल्लत’ (धार्मिक समुदाय) अशा उर्दू शब्दांचा अर्थ शब्दकोशापेक्षा आजूबाजूच्या वाक्यांवरून लावावा. केवळ ‘अस्सलामु अलैकुम’वरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते, कारण २००९ मध्ये कैरोत ख्रिस्ती असलेल्या ओबामांनीही ते उच्चारले होते.