नातवंडांना चित्रांच्या पुस्तकांतून अमेरिकेचा जुना इतिहास कसा सांगावा

गेल्या सप्टेंबरात मी मुलाकडे आले, बोस्टनपासून तासाभरावरच्या गावात. सहा महिने राहायचं होतं. दुसऱ्याच दिवशी सून म्हणाली, "आई, ईराला शाळेत आता इथला इतिहास सुरू होईल. तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, तिच्यासोबत बसाल का?" मी राजापूर तालुक्यातल्या शाळेत कितीतरी वर्षं चौथीच्या मुलांना शिवाजी महाराज शिकवले. अमेरिकेचं मात्र कोलंबसाच्या पलीकडे फारसं काही ठाऊक नव्हतं. मग मी शिकले ती सात वर्षांच्या ईराच्या आणि साडेचार वर्षांच्या नीलच्या जोडीनेच, चित्रांच्या पुस्तकांतून. तुमच्यापैकी जे आजी-आजोबा असे सहा महिन्यांसाठी येतात आणि दुपार कशी घालवावी या विचारात पडतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. इंग्रजी फाडफाड येत नसलं तरी अडत नाही.

पुस्तकं विकत घेऊ नका. गावच्या पब्लिक लायब्ररीत मुलाच्या किंवा सुनेच्या कार्डावर ढीगभर पुस्तकं फुकट मिळतात. फक्त एक लक्षात ठेवा: मुलांच्या विभागात शिरल्याबरोबर दिसतात ती गोष्टींची चित्रपुस्तकं. इतिहासाची चित्रपुस्तकं बरेचदा तिथे नसतात, ती माहितीच्या कपाटात असतात. ९७३ आकड्याखाली अमेरिकेचा इतिहास आणि ९७४ खाली ईशान्येकडच्या राज्यांचा. चरित्रं वेगळी लावलेली असतात, ज्याचं चरित्र त्याच्या नावाने. मला हे कळायला तीन आठवडे लागले. शेवटी तिथल्या बाईंना विचारलं. त्यांनी स्वतः उठून सात-आठ पुस्तकं काढून दिली आणि नसलेली दुसऱ्या गावाहून मागवली. विचारायला लाजू नका.

एका आठवड्याला एकच पुस्तक पुरे. पहिल्या दिवशी मजकूर वाचायचाच नाही. मांडीवर पुस्तक उघडायचं आणि चित्र बघायचं. कोण आहे, काय करतंय, हातात काय आहे, थंडी आहे की ऊन. मुलं मराठीत बोलतात, कारण वाचायला इंग्रजी समोर आलेलंच नसतं. दुसऱ्या दिवशी आपण मजकूर वाचून मराठीत सांगायचा. मी रात्रीच चष्मा लावून पुस्तक वाचून ठेवते, अडलेला शब्द मुलाला विचारते. तिसऱ्या दिवशी गोष्ट मुलांनी सांगायची, आपण फक्त पानं उलटायची.

हे कसं चालतं ते एका पुस्तकावरून सांगते. डोनाल्ड हॉल यांचं 'ऑक्स-कार्ट मॅन', चित्रं बार्बरा कूनी यांची, १९७९ सालचं. न्यू हॅम्पशायरमधला शेतकरी ऑक्टोबरात बैलगाडी भरतो. लोकर, बायकोने विणलेली शाल, मुलीने विणलेले हातमोजे, मुलाने केलेले झाडू, मेणबत्त्या, बटाटे, सफरचंदं, मध, मॅपलची साखर, हंसांची पिसं. वर्षभरात घरच्या सगळ्यांनी जे केलं, पिकवलं, त्यातलं उरलेलं सगळं. मग दहा दिवस बैलाच्या शेजारून चालत पोर्ट्समथच्या बाजाराला जातो. तिथे माल विकतो, माल भरून आणलेली पिंपं आणि पोती विकतो, गाडी विकतो आणि शेवटी बैलही विकतो. विकण्याआधी बैलाच्या नाकाचा मुका घेतो.

त्या पानावर आम्ही दोन दिवस थांबलो. नीलला रडू आलं. "आजी, त्याने बैल का विकला?" मी त्याला आमच्या घरच्या बैलांचं सांगितलं. बेंदराला आम्ही त्यांची शिंगं रंगवायचो आणि पुरणपोळी आधी त्यांना भरवायचो. बैल म्हातारा झाला की माझे वडील दारात गप्प बसून असत, तेही सांगितलं. मग पुढचं पान उलटलं. शेतकरी घरी येतो तेव्हा गोठ्यात एक गोऱ्हा असतो आणि हिवाळाभर तो त्याच्यासाठी नवं जू घडवतो. नीलचा जीव भांड्यात पडला. ईराने मात्र वेगळंच पाहिलं: "आजी, या बैलाला वशिंड नाहीये!" खरंच नव्हतं. इकडच्या गुरांना वशिंड नसतं. त्यामुळे जूही निराळं, गळ्याखालून वाकवलेल्या लाकडाने अडकवलेलं. कारखाने यायच्या आधीचं या भागातलं घर कसं चालायचं, हे मला आणि मुलांना त्या एका पुस्तकाने जितकं कळलं तितकं धड्याने कळलं नसतं. सुरुवात अशाच पुस्तकाने करा. राजे, लढाया, जाहीरनामे नंतर. आधी माणसं काय खात होती, काय पांघरत होती ते.

नोव्हेंबर आला की थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इंग्लंडहून आलेले गोरे आणि इथले स्थानिक लोक एकत्र जेवले त्याची आठवण सांगणाऱ्या सणाच्या, पुस्तकांचा पूर येतो. इथे जपून. पुस्तक घरी आणण्याआधी पहिल्या पानांवर छापल्याचं साल बघा आणि शेवटी लेखकाची टीप आहे का ते पाहा. जुन्या पुस्तकांतली चित्रं पुष्कळदा चुकीची असतात. वाम्पानोआग, म्हणजे या भागातल्या मूळच्या लोकांच्या, डोक्यावर पिसांचा मोठा मुकुट आणि मागे टोकदार तंबू दिसले, तर ते चुकलं. तसले मुकुट आणि तंबू दूर पश्चिमेच्या मैदानी प्रदेशातल्या लोकांचे. वाम्पानोआगांचं घर गोल घुमटासारखं, झाडाच्या सालींनी किंवा चटयांनी शाकारलेलं. त्याला 'वेटू' म्हणतात. गोऱ्यांची घरं ओंडक्यांची दाखवली तर तेही चूक. ती फळ्यांची आणि वर गवताचं छप्पर असलेली होती. हे शोधण्याचा मुलांना चांगलाच नाद लागतो. ईरा आता प्रत्येक पुस्तकात आधी छप्पर बघते.

पण चित्रापेक्षा मोठी चूक गोष्टीत असते. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ माणसं आली, पहिल्या हिवाळ्यात त्यांतली जवळपास निम्मी मेली, मग एक स्थानिक माणूस आला, त्याने मका लावायला शिकवलं आणि सगळे एकत्र जेवले. बहुतेक पुस्तकं इथेच संपतात. तो माणूस टिस्क्वांटम. त्याला इंग्रजी कसं येत होतं, हा प्रश्न मुलांनी विचारलाच पाहिजे. नाही विचारला तर तुम्ही विचारा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला आणखी माणसांसोबत फसवून पळवलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून सुटून, इंग्लंडमार्गे तो १६१९ साली घरी परतला, तेव्हा त्याचं पाटुक्सेट गाव साथीच्या रोगाने ओस पडलं होतं. मेफ्लॉवरच्या लोकांनी आपलं प्लिमथ वसवलं ते त्याच गावाच्या जागेवर. मी हे सांगितल्यावर ईरा बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते त्याच्या घरात राहत होते." हो बाळा, म्हटलं, त्याच्या घराच्या जागेवर.

मका लावताना मुळाशी मासा पुरायचं त्याने शिकवलं, हे ऐकून मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे माडाला मासळीचं खत घालतात. मका, घेवडा आणि भोपळा एकाच आळ्यात लावायची त्यांची रीत. घेवडा मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. त्या दिवशी दुपारी आम्ही तिन्हींची भाजी केली. मिरचीही याच खंडातून आपल्याकडे आली, हे फोडणी घालताना सांगितलं.

म्हणून माझा एक नियम झाला आहे. प्रत्येक चित्रात असणाऱ्यांची नावं घ्यायची आणि मग विचारायचं: इथे कोण असायला हवं होतं आणि दिसत नाही? पुढचं पुस्तक त्या न दिसणाऱ्या माणसाचं आणायचं.

इंग्रजांच्या करावर चिडून बोस्टनच्या लोकांनी जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला, त्या गोष्टीवरून आम्ही असेच फिलिस व्हीटलीपाशी पोहोचलो. १७६१ साली 'फिलिस' नावाच्या गुलामांच्या जहाजातून पश्चिम आफ्रिकेतली एक लहान मुलगी बोस्टनला आणून विकली. जहाजाचंच नाव तिला दिलं. तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं. पुढचे दात पडलेले होते, त्यावरून सातेक वर्षांची असेल असं धरलं. ईराचे पुढचे दोन दात त्याच महिन्यात पडले होते. तिने जीभ त्या फटीत घातली आणि पुस्तकातल्या मुलीकडे बघत राहिली. मला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती मुलगी इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली, कविता लिहू लागली आणि १७७३ मध्ये तिचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. त्या पुस्तकाच्या प्रती बोस्टनला आल्या त्या 'डार्टमथ' जहाजातून. चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या त्या तीन जहाजांपैकीच ते एक.

गुलामगिरी लहान मुलांना सांगावी का, असं मला सुनेच्या मैत्रिणींनी विचारलं. सांगावी, पण दिवसा. एकदा मी आधी न वाचलेलं पुस्तक रात्री झोपताना उघडलं, त्यात चाबकाचं चित्र निघालं आणि नील रात्री दोनदा दचकून उठला. तेव्हापासून अवघड पुस्तकं दुपारच्या दुधाच्या वेळी, आणि पूर्ण वाचून ठेवल्याशिवाय नाही. 'गुलाम' म्हणण्याऐवजी 'गुलाम केलेली माणसं' म्हणा. कुणीतरी तसं केलं, हे मुलांना त्यातून आपोआप कळतं.

आता दोरीचं सांगते, कारण यातूनच मुलांना इतिहास आपला वाटू लागला. बोळात एक सुतळी बांधा. दहा वर्षांना मुलाची एक वीत. १६०० ते १८०० म्हणजे वीस विती. चिमट्यांनी कागद अडकवायचे, वर इथलं, खाली आपलं. १६३० ला वर बोस्टन वसलं आणि खाली शिवनेरीवर महाराजांचा जन्म. हे लागल्यावर मी स्वतःच क्षणभर थांबले. १७६१ ला वर फिलिस, खाली पानिपत. १७७३ ला खाली ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून आणि वर डिसेंबरात, १६ तारखेला, चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात. तो चहा चीनचा, पण मालकी ईस्ट इंडिया कंपनीची. आणि १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला राघोबादादांशी तह करणारी तीच कंपनी. पुढच्याच महिन्यात इथे लेक्सिंग्टनला इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. त्याच युद्धात यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याची फौज शरण आली, तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून उतरला. ईराने त्याच्या चित्राचे दोन कागद केले आणि वरून खाली लोकरीचा धागा बांधला.

इंग्रज फौज येते आहे, अशी वर्दी द्यायला बोस्टनहून रातोरात निघालेल्या पॉल रिव्हिअरच्या घोडदौडीवर तर कितीतरी पुस्तकं आहेत. दोन आणा आणि शेजारी ठेवा: एक लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या कवितेचं, एक घडलेल्या हकिकतीचं. कविता घटनेनंतर ८५ वर्षांनी लिहिलेली. तिच्यात रिव्हिअर एकटाच कॉन्कॉर्ड गावाला पोहोचतो. खरं तर १८ एप्रिल १७७५ च्या त्या रात्री विल्यम डॉस हाही निघाला होता, वाटेत सॅम्युएल प्रेस्कॉट भेटला, रिव्हिअरला इंग्रजांच्या गस्तीने पकडलं आणि कॉन्कॉर्डला पोहोचला तो प्रेस्कॉट. आपल्याकडे पोवाडा आणि बखर यांत जो फरक असतो तोच हा. पोवाडा म्हणून दाखवा, मग बखर सांगा. मुलांना दोन्ही आवडतं.

जवळ राहत असाल तर पुस्तकानंतर जागा दाखवा. प्लिमथचं प्लिमथ पाटुक्सेट संग्रहालय चांगलं आहे. तिथल्या इंग्रज वस्तीत नट असतात, १७ व्या शतकातले असल्यासारखे बोलतात. स्थानिकांच्या वस्तीतली माणसं मात्र नाटक करत नाहीत, ती आजची माणसं म्हणून तुमच्याशी बोलतात. हा फरक मुलांना आधी समजावून न्या, म्हणजे तिथे कुणाला भलतंसलतं विचारलं जाणार नाही.

बैलगाडीच्या पुस्तकानंतर आम्ही स्टरब्रिजला गेलो, तिथे जुन्या काळातलं खेडं संग्रहालय म्हणून उभं केलं आहे. तिथे खरे बैल आहेत. नील एका बैलापुढे उकिडवा बसला आणि त्याचं नाक निरखू लागला. हाकणाऱ्या माणसाने त्याला विचारलं, काय शोधतोस? वेसण, नील म्हणाला. त्या माणसाला शब्द कळला नाही, म्हणून नीलने आपल्याच नाकात बोटं धरून दोरी कशी ओवतात ते दाखवलं आणि म्हणाला, माझ्या आजीच्या बैलांना असते. तो माणूस म्हणाला, आमचे बैल आवाजावर वळतात. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे. घरी येईपर्यंत मागच्या सीटवरून नील गाडी हाकत होता.