खोल पाण्यातली युद्धकाळातली जहाजं: शोधताना, बुडी मारताना आणि घाट चढताना या चुका टाळा

गेरसप्पा म्हटलं की आपल्याला धबधबा आठवतो. त्याच नावाचं एक ब्रिटिश मालवाहू जहाज कलकत्त्याहून चांदी घेऊन निघालं आणि फेब्रुवारी 1941 मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. 2011 मध्ये ते सुमारे 4,700 मीटर खोलीवर सापडलं. पुढच्या दोन वर्षांत यंत्रांनी शंभर टनांहून जास्त चांदी वर काढली. एवढ्या खोलीवर बुडी मारणाऱ्या माणसाचं काहीच काम नाही. आपल्या आवाक्यातली जहाजं वेगळी. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी बुडवलेली 'हर्मीस' ही विमानवाहू नौका सुमारे 53 मीटरवर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीची मंडळी मालवण, गोवा, नेत्राणीला बुडी शिकतात आणि मग अशा जहाजांची स्वप्नं बघतात. डिकम्प्रेशन (थोडक्यात डेको: शरीरातला गॅस निघून जावा म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणं) आणि ट्रायमिक्स (ऑक्सिजन, हीलियम, नायट्रोजनचं मिश्रण) यांचं रीतसर शिक्षण झालेलं आहे असं धरून पुढची आकडेमोड 53 मीटरसाठी केली आहे.

कागदावरची जागा खरी मानणे

जर्मन पाणबुड्या आपली जागा चौकटींच्या नकाशावर नोंदवत. त्यातली सगळ्यात लहान चौकटसुद्धा सहा सागरी मैलांची, म्हणजे एका बाजूला अकरा किलोमीटर. त्यात आभाळ भरलेलं असेल तर तारे बघून जागा काढता येत नसे, मग वेग आणि दिशेवरून अंदाजच. म्हणून एकाच नोंदीवर विसंबू नका. बुडालेलं जहाज, बुडवणारं जहाज, वाचलेल्यांना उचलणारं जहाज आणि वाटेत ते कुणाला दिसलं असेल तर त्याचीही नोंद शोधा. जुलै 1945 मध्ये बुडालेली अमेरिकन 'इंडियानापोलिस' 2017 मध्ये सापडली ती यामुळेच. बुडण्याच्या सुमारे अकरा तास आधी ती दुसऱ्या एका जहाजाला दिसली होती. ती नोंद हाती लागल्यावर शोधाचं क्षेत्र पश्चिमेकडे सरकवलं गेलं.

दुसरी चूक अगदी शाळकरी आहे, आणि बोटीचं डिझेल सगळ्यात जास्त तीच जाळते. कुणी 15 अंश 21.50 मिनिटं असा आकडा दिला आणि जीपीएसमध्ये 15 अंश 21 मिनिटं 50 सेकंद असा भरला गेला. अर्धं मिनिट म्हणजे तीस सेकंद. वीस सेकंदांचा फरक पडला की तुम्ही सहाशे मीटरहून जास्त लांब. डेटम म्हणजे नकाशाची मोजणी ज्या पायावर बेतलेली असते तो. जुना नकाशा एव्हरेस्ट डेटमवर आणि जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर असेल तरी शे-दीडशे मीटर सरकतात. आकडा घेताना तो कुठल्या पद्धतीतला आणि कुठल्या डेटमवरचा हे शेजारीच लिहून घ्या.

ट्रॉलरवाल्याचा पॉइंट जसाच्या तसा वापरणे

जाळं फाटतं त्या जागा मच्छीमारांना पाठ असतात आणि बुडालेली जहाजं बऱ्याचदा तिथेच निघतात. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, जरूर विचारा. पण त्याने बटण दाबलं तेव्हा जीपीएस बोटीवर होतं आणि जाळं मागे. पन्नास मीटर पाण्यात तो खोलीच्या साधारण तिप्पट, म्हणजे दीडशे मीटर दोर सोडतो. काटकोन त्रिकोण मांडला तर जाळं बोटीच्या मागे 140 मीटरवर येतं. म्हणून जागेबरोबर दोन गोष्टी विचारा: ओढ कुठल्या दिशेने होती आणि दोर किती सोडला होता. दोन वेगळ्या दिशांच्या ओढींत जाळं अडकलं असेल तर दोन्ही रेघा मागे मोजा. त्या छेदतात तिथून शोध सुरू करा.

इको साउंडरवर भरवसा ठेवून रुंद पट्टे मारणे

इको साउंडर बोटीखाली शंकूच्या आकारात ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीवरून तळ दाखवतो. वीस अंशांच्या शंकूला 50 मीटरवर तळाचा जेमतेम 17-18 मीटरचा गोल दिसतो. चाळीस मीटर अंतरावर फेऱ्या मारल्या तर अर्ध्याहून जास्त तळ न बघताच सुटतो. इको साउंडरने शोधायचं तर फेऱ्यांमध्ये 15 मीटर. मोठं क्षेत्र असेल तर साइड स्कॅन सोनार: बोटीमागे ओढायचं यंत्र (त्यालाच फिश म्हणतात), ते दोन्ही बाजूंचा तळ ध्वनीने टिपतं. दर बाजूला 75 मीटर रेंज लावली तर फिश तळापासून आठ ते पंधरा मीटरवर, वेग तीन-चार नॉट आणि फेऱ्यांमध्ये साठ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, कारण फिशच्या बरोबर खालची पट्टी धड दिसत नाही, ती शेजारच्या फेरीत यायला हवी. लोखंडाची चुंबकीय खूण टिपणारा मॅग्नेटोमीटर वापरत असाल तर तोही तळाजवळ ओढा: लोखंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की संकेत आठपट कमी होतो.

हवेवर जाणे

53 मीटरवर दाब 6.3 बार. तिथे साध्या हवेची घनता लिटरला आठ ग्रॅमच्या वर जाते. 5.2 च्या आत राहावं असा सल्ला आहे आणि 6.2 च्या पुढे जाऊ नये. घट्ट हवा ओढायला जड जाते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोकं चालेनासं होतं. नायट्रोजनची नशा वेगळीच. 18/45 ट्रायमिक्स (18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हीलियम) घेतलं तर घनता पाचच्या आसपास, ऑक्सिजनचा दाब 1.13 बार आणि नशा साधारण 25 मीटरवरच्या हवेइतकी. हीलियम महाग आहे हे खरं. मग बुड्या कमी करा.

'तिसरा हिस्सा राखला' म्हणून निर्धास्त राहणे

बारा-बारा लिटरच्या दोन सिलिंडरांचा जोडसेट, 200 बार. एक तृतीयांश राखला तर तळ सोडताना 67 बार हातात. आता जोडीदाराचा गॅस संपला असं समजा. घाबरलेली दोन माणसं पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला तीस-तीस लिटर ओढतात. तळावर गोंधळ निस्तरायला दोन मिनिटं, म्हणजे 756 लिटर. मग मिनिटाला नऊ मीटर वेगाने 21 मीटरपर्यंत, म्हणजे नायट्रॉक्स 50 (अर्धा ऑक्सिजन, अर्धा नायट्रोजन) लावायच्या जागेपर्यंत, आणखी सुमारे हजार लिटर. बेरीज 1,750. भागिले 24 केलं तर जवळपास 73 बार. नियम पाळूनही गॅस कमी पडला! 75-80 बारला तळ सोडायचा हे आधीच स्लेटवर लिहा.

डेको सिलिंडरच्या बाबतीत घात लेबलचा होतो. जास्तीत जास्त खोली नायट्रॉक्स 50 ला 21 मीटर, शुद्ध ऑक्सिजनला 6 मीटर. हे आकडे सिलिंडरवर तळहाताएवढे लिहा. स्वतः अ‍ॅनालाइज करून तारीख घाला आणि गॅस बदलताना रेग्युलेटरची नळी बोटांनी चाचपत सिलिंडरपर्यंत न्या. नुसता रंग बघून तोंडात घालू नका.

तलावातलं वजन समुद्रात नेणे

बेळगावच्या स्विमिंग टँकमध्ये जमवलेलं वजन समुद्रात कमी पडतं. माणूस आणि सामान मिळून 120 किलो असेल तर खाऱ्या पाण्यात साधारण तीन किलो जास्त लागतं. शिवाय जोडसेटमधला गॅस संपत येतो तसे आणखी तीन-चार किलो हलके होतात. सहा मीटरच्या थांब्यावर, 50 बार उरलेले असताना स्थिर राहता येतंय का ते बघा. उथळ पाण्यात बघा, जहाजावर नव्हे.

जहाजाच्या आत शिरणं हा वेगळ्या शिक्षणाचा विषय, इथे एवढंच की दोर न लावता एक कप्पासुद्धा नको. तोफगोळे आणि डेप्थ चार्ज ऐंशी वर्षांनंतरही फुटू शकतात. आणि बहुतेक युद्धनौका म्हणजे थडगी आहेत. डिसेंबर 1971 मध्ये दीवजवळ बुडालेल्या 'आयएनएस खुकरी'त कॅप्टन मुल्ला आणि त्यांचे सहकारी आहेत. साधा खिळादेखील उचलायचा नाही.

रविवारी बुडी, रात्री चोर्ला घाट

ही चूक खास आपल्या भागातली. किनाऱ्यावरच्या माणसाला ती करताच येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे. चोर्ल्याने या, आंबोलीने या, दोन-तीन तासांत हवेचा दाब एक बारवरून सुमारे 0.93 वर येतो. शरीरातल्या उरल्यासुरल्या गॅसचे बुडबुडे व्हायला तेवढं पुरतं. बुडीनंतर विमानप्रवासासाठी जे थांबायचे तास सांगतात ते 600 ते 2,400 मीटर उंचीच्या हिशेबाने असतात, म्हणजे बेळगाव त्यात बसतंच. डेको नसलेली एकच बुडी असेल तर 12 तास, अनेक बुड्या असतील तर 18, आणि डेको केला असेल तर 18 हून बरेच जास्त, पूर्ण 24 धरा. सोमवारी ऑफिस असेल तर शेवटची बुडी शनिवारी. रविवारचा दिवस माशाच्या थाळीला ठेवा, सिलिंडर चढवायला दुसऱ्या कुणाला लावा.

तरी घाटात खांदा ठणकू लागला, हाताला मुंग्या आल्या किंवा विचित्र थकवा वाटला, तर 'बेळगावला पोचून बघू' म्हणू नका. गाडी तिथेच वळवून खाली उतरा, माणसाला आडवं झोपवा आणि मास्कने मिनिटाला 15 लिटर शुद्ध ऑक्सिजन द्या. दहा लिटरचा सिलिंडर 150 बारला शंभर मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात गाठता येणारं हॉस्पिटल आणि सगळ्यात जवळचा चालू रिकम्प्रेशन चेंबर (माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली), दोन्हींचे फोन नंबर निघण्याआधी ड्रायव्हरच्या खिशात असू द्यात. घाटात रेंज जाते, म्हणून कागदावर.