रंकाळ्याची वही: आधी पाणी, मग पक्षी

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरचं पाणी आणि पक्षी मी वहीत नोंदवते. दोन हिवाळे त्या वहीत शेकाट्यापुढं, म्हणजे लांब पायांच्या एका पाणपक्ष्यापुढं, शून्यच होतं. मी भेटेल त्याला सांगत सुटले, "शेकाटे गेले हो." शेवटी लेकीनं वही चाळली आणि विचारलं, "आई, ह्या सगळ्या नोंदी नऊनंतरच्याच कशा?" निवृत्तीनंतर चहा, पूजा उरकूनच मी निघत होते. तोवर काठावर माणसांची जत्रा भरलेली, कुत्री सुटलेली. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आणि चूक काय, तर मोजायची वेळच बदलली!

म्हणून पहिलं काम: जागा आणि वेळ पक्की करा. माझ्या तीन जागा आहेत: चौपाटी, तळ्यातल्या दगडी संध्यामठासमोर आणि शालिनी पॅलेसच्या बाजूला. सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात सुरुवात, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला, एरवी पंधरवड्यातून एकदा.

दुर्बीण लगेच डोळ्याला लावू नका. आधी पाणी लिहा. संध्यामठाच्या खांबांचे किती थर उघडे आहेत ते मी मोजते. फुकटची मोजपट्टी आहे ती. रंकाळ्याचा बराच काठ दगडी, त्यामुळं चिखलाची पट्टी बघायला कळंबा तळ्यावर जावं लागतं. ती पावलांनी मोजा, पण आपलं पाऊल किती ते एकदा घरी टेपनं पाहून ठेवा.

एवढा खटाटोप कशाला? तुतवार पक्ष्याला काठचा ओला चिखल लागतो, शेकाट्याला त्याच्या लांब पायांना पुरेल एवढंच पाणी. वारकरी नावाच्या पाणपक्ष्याला आणि बदकांना मोकळं पाणी, तर कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालणारा. पाणी वीतभर चढलं की चिखलातले पक्षी दुसरीकडं जातात. त्यात तळ्याचं काही बिघडलेलं नसतं. पातळी लिहिलीच नसेल तर हे कळणार कसं?

मग केंदाळ, म्हणजे पाण्यावर पसरणारी जलपर्णी. समोर दिसणाऱ्या पाण्याचे मनात दहा भाग करा आणि किती भाग हिरवे ते लिहा. त्याच जागेवरून, मोबाईल छातीच्या उंचीवर धरून फोटो काढा. माझ्या फोटोत डाव्या कडेला एक गंजका खांब असतोच. केंदाळाची अखंड सतरंजी झाली की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो. पण सगळं उपसून पाणी आरशासारखं झालं की लोक खूश होतात, आणि कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी मात्र कमी दिसायला लागतात. "स्वच्छ" आणि "पक्ष्यांना चांगलं" ह्या दोन वेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी आहेत. शेकाट्या तर सांडपाण्यातही मजेत चरतो, त्यामुळं त्याची गर्दी झाली म्हणून लगेच पेढे वाटू नका.

गढूळपणा मोजायला सेकी चकती लागते, म्हणजे पाण्यात सोडून किती खोलवर दिसते ते बघायची काळी-पांढरी चकती. मी डब्याच्या 20 सेंटीमीटरच्या जुन्या झाकणाला आळीपाळीनं काळे-पांढरे चार भाग रंगवले, खाली वजन बांधलं आणि नायलॉनच्या दोरीला दर 10 सेंटीमीटरवर गाठ मारली. गाठी दोरी भिजवून मारा, नाहीतर माप चुकतं. हे काम सकाळचं नाही. ऊन वर आल्यावर, सावलीच्या बाजूनं सोडा. चकती दिसेनाशी झाली तो आकडा आणि वर ओढताना पुन्हा दिसली तो आकडा, दोन्हींची सरासरी घ्या. तळाला टेकूनही दिसत असेल तर आकडा न लिहिता "तळ दिसला" लिहा.

आता पक्षी. चरणारे वेगळे, नुसते बसलेले वेगळे. मोठा थवा असेल तर दहा मोजा, तेवढी जागा नजरेत धरा आणि पुढं सरका. पाहिलं आणि नव्हता तर 0. धुक्यामुळं पाहताच आलं नाही तर आडवी रेघ. रेघेच्या जागी शून्य टाकलंत तर वर्षाची सरासरी खोटी पडते.

जानेवारीची एक मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेच्या दिवसांत करा. 1987 पासून ती सुरू आहे, तिथं आपले आकडे कामी येतात.

लेकीनं मला सेंटिनेल-2 उपग्रहाची फुकट चित्रंही दाखवली, 2015 पासूनची आहेत. त्यातला एक ठिपका म्हणजे 10 मीटरचा चौकोन. पण केंदाळ त्यात शेतासारखं हिरवं दिसतं आणि तळं आटल्याचा भास होतो, तेव्हा काठावरचा फोटो शेजारी ठेवूनच बघा. पावसाळ्यात ढगच दिसतात.

तुलना जानेवारीची जानेवारीशीच करा, मे महिन्याशी नव्हे. आणि पेन्सिलनं लिहा. दवानं पान ओलावलं की पेनाची शाई फुटते.