पाळी लांबली? आधी या चुका टाळा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका स्त्रीरोग दवाखान्यात मी वीस वर्षं सिस्टर आहे. 'सिस्टर, तारीख चुकलीय' म्हणत रोज कुणी ना कुणी येतंच. आणि बऱ्याच जणी येण्याआधी घरी काहीतरी करून बसलेल्या असतात, त्याचा मला फार त्रास होतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दिवस राहिलेत का याची टेस्ट न करता पाळी यायची गोळी घेणं. मागच्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई आली. दहा दिवस वर गेले होते. नवऱ्यानं दुकानातून गोळ्या आणून दिल्या, चार दिवसांनी तपकिरी डाग दिसले आणि पाळी आली म्हणून ती निवांत झाली. पण उजव्या बाजूला ओटीपोटात कळ येत होती. आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच ती बसली. ओठ पांढरे पडलेले, कपाळाला गार घाम. टेस्टवर दोन रेघा. सोनोग्राफीत कळलं, गर्भ पिशवीत नाही, गर्भनळीत वाढत होता आणि पोटात रक्त साचायला लागलं होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. बाई वाचली, नळी काढावी लागली.

त्या गोळीत प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या संप्रेरकासारखं औषध असतं. ती बंद केली की गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच तिचं काम. दिवस राहिले असतील तर ती पाळी आणत नाही, आणि थायरॉईड बिघडलं असेल तर ते तसंच राहून पुढच्या महिन्यात पुन्हा तोच घोर. म्हणून आधी टेस्ट, सकाळच्या पहिल्या लघवीवर. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा. संध्याकाळी घाईघाईत एकदा करून 'काही नाही' म्हणू नका.

दुसरी चूक मोजण्यातली. 'मला पाच तारखेलाच येते' असं सांगतात, पण पाळी तारखेवर चालत नाही. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत 21 ते 35 दिवस गेले तर ते ठीकच. अंडं सुटल्यावर साधारण 14 दिवसांनी पाळी येते. ताप, परीक्षा, घरातलं मयत, रात्रपाळी, एकदम कमी केलेलं जेवण यांनी अंडंच उशिरा सुटतं, मग पाळीही पुढं जाते. कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो, गॅसची तारीख लिहितो, हेच तेवढं लिहीत नाही. मी चौकटीच्या कोपऱ्यात लाल टिंब देते, घरात कुणाला कळतही नाही.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी पाळी पुढं ढकलायची गोळी घेणाऱ्या पुष्कळ. ती थांबवल्यावर पाळी यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी घाबरून आणखी काही घेऊ नका. आणि जावेची उरलेली पाकिटं तर नकोच. कधी रक्ताची गाठ झालेली असेल तर हे औषध धोक्याचं आहे, ते डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कळत नाही. संबंधानंतरच्या तातडीच्या गोळीनंही पाळी आठवडाभर मागंपुढं होऊ शकते.

पपई, तीळ, गूळ खात वाट बघण्यात दिवस वाया जातात.

अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहणार नाहीत, हे धरून चालू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या पाळीआधीच अंडं सुटू शकतं. चाळिशीनंतर 'आता जायचीच वेळ' म्हणणाऱ्यांनीही टेस्ट करावी. मोबाईलवर वाचून स्वतःला पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) ठरवू नका, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) तपासा. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मुलींची पाळी मागंपुढं होते. पण पंधरा पूर्ण होऊनही आलीच नसेल तर दाखवा.

टेस्ट निगेटिव्ह असली तरी तीन महिने पाळी नसेल तर डॉक्टरांकडे जायचंच. आणि पाळी चुकलेली असताना एका बाजूला पोटात कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणं सुरू झालं तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय, गाठा, आणि आत शिरताच आधी सांगा, 'पाळी चुकलीय, पोटात दुखतंय.'